दीड महिन्याच्या इंजेक्शननंतर लेकीला त्रास झाला, तक्रार केली, त्या तपासाचा रिव्ह्यू: पाचपैकी चार स्टार

दुपारी सव्वाबाराला दीड महिन्याचं इंजेक्शन घेतलं आणि साडेचारला माझी लेक माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी सैल पडली. पांढरीफटक, ओठ फिके, हाक मारली तर नजर देईना, तळव्याला टिचकी मारली तरी पाय ओढून घेईना. दहा-बारा मिनिटं चाललं असेल, मला तो अख्खा तास वाटला. नवऱ्याने तेवढ्यात फोनवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला, मी त्याच्यावर ओरडले की व्हिडिओ कसले काढतोयस रिक्षा बघ आधी, आणि पुढच्या सगळ्या तपासात तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त कामाला आला. लेक आता सात महिन्यांची आहे, पालथी पडते, सरकते, खणखणीत रडते, हे आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला नको.

मी इथे दोन सेवांबद्दल लिहितेय. एक म्हणजे महापालिकेच्या आरोग्य केंद्रातलं बुधवारचं लसीकरण, आणि दुसरी म्हणजे लसीनंतर काही झालं तर सरकारी यंत्रणा जो तपास करते तो. पहिलीबद्दल बऱ्याच जणांना माहिती असते, दुसरीबद्दल मलाही काही माहिती नव्हतं आणि ज्या कुणाला विचारलं त्यांनाही नव्हतं. आई होणाऱ्या, झालेल्या सगळ्यांनी वाचावं असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी केंद्राबद्दल. गर्दी असते, बसायला बाकं कमी, पंखा एकच. पण काम नीट होतं. सिस्टरने आमच्यासमोर पेंटाची (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकत्र लस) बाटली घेतली आणि मी नवीन आई दिसले म्हणून असेल, लेबल माझ्यासमोर धरलं. त्यावर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिका चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, तो गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. "हे बघा ताई, आतला पांढरा आहे ना, म्हणजे लस चांगली." बाटली कधी उघडली ती तारीख आणि वेळ पेनने लिहिलेली होती. सिरिंज एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी, टोचून झाल्यावर सुई लगेच कटरमध्ये. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची), उजव्या दंडावर पोलिओचं बारीकसं इंजेक्शन, तोंडाने पोलिओ आणि रोटाचा (जुलाबाच्या विषाणूवरचा) डोस. मग सिस्टरने सांगितलं की कुठली लस कशासाठी दिली, ताप येईल, मांडी सुजेल, पॅरासिटामॉल किती द्यायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवा. आणि अर्धा तास बसवून ठेवलं. तेव्हा मला तो अर्धा तास जड गेला, आता कळतं की ॲलर्जीची जी खरी जिवघेणी रिॲक्शन असते ती बहुतेक वेळा तेवढ्यातच दिसते आणि सिस्टरच्या ट्रेमध्ये ॲड्रेनलिनचं इंजेक्शन त्यासाठीच असतं. ही सगळी सेवा फुकट. या भागाला मी पाचपैकी पाच देते.

आता तो दिवस. रिक्षाने जवळच्या एका खासगी हॉस्पिटलला गेलो. पोचेपर्यंत लेकीला रंग आला होता, डोळे उघडले होते. एक रात्र ठेवून घेतलं, शुगर तपासली, फिट नव्हती, सगळं नॉर्मल, सकाळी सोडलं. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी तीनदा विचारलं की हे लसीमुळे झालं का, तर उत्तर आलं, लसीचा काही संबंध नसतो हो, गॅस झाला असेल, घाबरू नका. आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलं "जास्त रडणे". माझं बाळ रडत नव्हतं, तोच तर प्रॉब्लेम होता! आणि कुठे कळवलंही नाही. मला मनापासून वाटतं की आयांचा लसीवरचा विश्वास उडतो तो असल्या उत्तरांनी. मी डोळ्याने बघितलंय आणि तुम्ही मला सांगताय काही झालंच नाही, मग मी तुमचं पुढचं तरी का ऐकू?

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या, बाळ कसं आहे बघायला. त्यांना सांगितलं, त्यांनी तिथूनच सिस्टरला फोन लावला, संध्याकाळी सिस्टर स्वतः घरी. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते मी विसरणार नाही. "ताई, बाळ ॲडमिट झालं म्हणजे हे सिरीयसमध्ये येतं, मला कळवावंच लागेल, तुमची हरकत नाही ना?" माझी हरकत कसली, मला तर रडूच आलं.

इथून दुसरी सेवा सुरू झाली. तिचं नाव एईएफआय, म्हणजे लसीकरणानंतर घडलेली कोणतीही अनिष्ट घटना. "नंतर" हा शब्द त्यात मुद्दाम आहे. लसीमुळे झालं की नाही हे ठरायच्या आधीच नोंद करायची, ठरवायचं काम पुढचं. मृत्यू झाला, ॲडमिट करावं लागलं, अपंगत्व आलं, एकाच सत्रातल्या बऱ्याच मुलांना काही झालं, किंवा नुसती पालकांना किंवा वस्तीला मोठी शंका आली, तरी ते गंभीर धरतात. पहिला फॉर्म ४८ तासांच्या आत वर जातो, मग प्राथमिक तपासणीचा फॉर्म दहा दिवसांत, आणि पूर्ण कागद जोडून अंतिम फॉर्म ७० दिवसांत. हे मला वैद्यकीय अधिकारी मॅडमनी समजावून सांगितलं, त्या चौथ्या दिवशी घरी आल्या होत्या.

मॅडम सव्वा तास बसल्या. मला वाटलं होतं दोन प्रश्न विचारून सही घेऊन जातील. जन्माचं वजन, अंगावरचं दूध पिते का, लसीच्या आदल्या दिवशी ताप-सर्दी होती का, घरात कुणाला फिट येतात का, मला गरोदरपणी काय झालं होतं, पडायच्या आधी शेवटचं दूध कधी पाजलं, पाजताना आडवी होती का. सासूबाईंनी मध्येच सांगितलं की सकाळी बाळाला घुटी दिली होती, मी कपाळावर हात मारला पण मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं, घुटीत काय काय उगाळलं तेही विचारलं. मग व्हिडिओ. तो त्यांनी चार वेळा बघितला. त्यात तीन गोष्टी शोधत होत्या, अंग सैल पडलंय का, रंग उतरलाय का, हाकेला प्रतिसाद कमी आहे का. तिन्ही होत्या. मग म्हणाल्या, याला नाव आहे, हायपोटॉनिक हायपोरिस्पॉन्सिव्ह एपिसोड. डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लसीनंतर क्वचित होतं, बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत, आणि बाळ आपोआप पूर्ण बरं होतं. असं झालेल्या बहुतेक बाळांना पुढच्या डोसला परत होत नाही. डिस्चार्ज कार्डावरचं "जास्त रडणे" त्यांना मान्य नव्हतं, व्हिडिओ नसता तर ते तसंच कायम राहिलं असतं.

त्या दिवशी त्याच बाटलीतून आणखी किती बाळांना लस दिली, त्यांचीही घरं त्यांनी फिरून बघितली. फ्रीजच्या तापमानाची वही बघितली, बॅच नंबर, उघडल्याची वेळ, सगळं. का, तर एकाच बाटलीतल्या चार बाळांना काही झालं असतं तर शंका बाटलीवर किंवा देण्याच्या पद्धतीवर गेली असती. एकालाच झालं म्हणजे चित्र वेगळं. शंका आली तर लसीचे नमुने हिमाचलला कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जातात. आमच्या केसमध्ये तशी गरज पडली नाही.

आता मूळ मुद्दा, ठरवतात कसं. मी नंतर बरंच वाचलं, मॅडमनाही फोन करून विचारलं. लसीनंतर झालं म्हणजे लसीमुळेच झालं असं धरता येत नाही, हे ऐकायला सोपं आहे पण आईला पटायला महाकठीण. मला पटलं ते एका हिशोबाने. आपल्या देशात वर्षाला साधारण अडीच कोटी बाळं जन्मतात, आणि हजारातली पंचवीसच्या आसपास बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जातात. म्हणजे वर्षाला सहा लाखांच्या वर, दिवसाला दीड हजाराच्या वर. कमी वजन, न्यूमोनिया, जन्मजात दोष, जुलाब, कारणं शंभर. आणि पहिल्या वर्षात बाळाला पाच-सहा वेळा लसीला न्यायचं असतं. मग यातल्या काही बाळांचा शेवटचा आठवडा आणि लसीचा दिवस जवळ जवळ येणारच, लस पाण्याची असती तरी आले असते. त्या घरासाठी मात्र ते कायम "लस दिली आणि गेलं" असंच राहणार, त्यात त्यांचा काय दोष. म्हणूनच प्रत्येकाचा नीट तपास व्हायला हवा.

तपासाचे कागद तज्ज्ञांच्या एका समितीकडे जातात. ती चार गोष्टी विचारते. दुसरं काही सबळ कारण सापडतंय का. या लसीने असं होतं हे आधीपासून सिद्ध आहे का आणि झालं ते त्या ठरलेल्या वेळेच्या खिडकीत बसतं का. लसीने असं होत नाही याचा सबळ पुरावा आहे का. आणि बाकीच्या गोष्टी, एरवीही मुलांमध्ये हा आजार किती दिसतो वगैरे. मग उत्तर चारपैकी एका खणात जातं. ए म्हणजे संबंध आहे, त्यात पुन्हा पोटभाग, लसीतल्या घटकामुळे, लसीच्या उत्पादनातल्या दोषामुळे, देणाऱ्याच्या चुकीमुळे, किंवा सुईच्या भीतीने. बी म्हणजे वेळ जुळते पण पुरावा अजून पुरेसा नाही. सी म्हणजे योगायोग, कारण दुसरं. डी म्हणजे माहितीच अपुरी, सांगता येत नाही. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची, आपल्याकडे राज्याच्या आणि राष्ट्रीय समितीत हीच वापरतात. समितीत बालरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजीवाले, औषध प्रशासनाचे लोक असतात.

देणाऱ्याच्या चुकीचा खण किती खरा आहे ते आपल्या राज्यातच दिसलंय. २०२१ च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, मुलं वाचली. आणि सिरियात २०१४ मध्ये गोवराच्या लसीनंतर १५ मुलं गेली, तपासात निघालं की लस कालवायच्या पाण्याऐवजी भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला वापरतात ते औषध मिसळलं गेलं होतं. लस चांगली, हात चुकला. असल्या वेळी नुसतं "लस सुरक्षित आहे" म्हणून विषय संपवला असता तर पुढच्या गावात तेच घडलं असतं. तपास कशासाठी याचं याहून स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

आमचा निकाल यायला साधारण चार महिने लागले. निकाल आला ए मध्ये, लसीतल्या घटकामुळे, कागदावर "ए-वन". म्हणजे हो, तुमच्या बाळाला जे झालं ते लसीनेच झालं.

मी हे वाक्य ऐकून खूप वेळ नुसती बसून होते. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही, उलट अंगावरचं ओझं उतरलं. चार महिने घरात कुजबुज होती, आईचं लक्ष नव्हतं, दूध अडकलं असेल, चुकीचं धरलं असेल. सरकारी कागदाने सांगितलं की आईची चूक नव्हती. आणि दुसरं म्हणजे ज्यांनी माझ्या बाबतीत सरळ हो म्हटलं, त्यांचं "नाही" पण मला खरं वाटायला लागलं.

कारण "नाही" पण खूप मोठं आहे. ऑटिझमचंच घ्या, आमच्या नात्यातल्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तो मेसेज फिरतो. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या अँड्र्यू वेकफील्डचा पेपर आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असावा असं त्यातून पसरलं. मुलं किती, तर १२. बारा! आणि त्यावर ज्यांनी तपासलं त्यांनी काय केलं बघा, डेन्मार्कमध्ये प्रत्येक मुलाची नोंद असते, तर त्यांनी २००२ मध्ये पाच लाखांच्या वर मुलांचा अभ्यास छापला आणि २०१९ मध्ये पुन्हा साडेसहा लाखांच्या वर मुलांचा, लस घेतलेली आणि न घेतलेली, दोन्हीकडे ऑटिझमचं प्रमाण बघितलं, लस घेतलेल्यांत जास्त नाही. २०१० मध्ये लॅन्सेटने तो पेपर मागे घेतला आणि वेकफील्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. ऑटिझम ओळखू येतो ते वय आणि या लसीचं वय जवळपास एकच, त्यामुळे आईबापांना संबंध दिसणारच, मला ते कळतं, मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पण साडेसहा लाख मुलांमध्ये शोधून नाही सापडलं, तर ते मान्य करायला हवं.

आणि जिथे सापडलं तिथे काय झालं तेही सांगते, कारण लोक म्हणतात सगळे मिळालेले असतात. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाशील्ड नावाची रोटाव्हायरसची लस आली. वर्षाच्या आत, १९९९ च्या जुलैपर्यंत, आतड्यात आतडं शिरण्याच्या १५ केसेस त्यांच्या तक्रार नोंदणीत जमल्या. लगेच वापर थांबवला, तपास केला, लशीमुळे साधारण दहा हजार बाळांत एकाला धोका निघाला, आणि ऑक्टोबरमध्ये लस बाजारातून गेली. दहा हजारांत एक, म्हणजे लस यायच्या आधीच्या चाचण्यांत सहज निसटून जाणारी गोष्ट, आणि ती पकडली कुणी, तर ज्या डॉक्टरांनी आणि पालकांनी फॉर्म भरले त्यांनी. पुढच्या रोटाच्या लसी आल्या तेव्हा एकेका चाचणीत साठ हजारांच्या वर बाळं घेतली, खास हाच धोका बघायला. आज माझ्या लेकीने तोंडाने जो रोटाचा डोस घेतला त्याच्या मागे तो सगळा इतिहास आहे. आपली भारतातली रोटाव्हॅक आहे ना, तिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोरबरोबर पुणे भागातली बाळंही होती.

पेंटाबद्दल तर वेगळंच सांगायचंय, कारण माझ्या लेकीची लस तीच. श्रीलंकेने २००८ मध्ये पेंटा सुरू केली आणि पहिल्या काही महिन्यांतच मृत्यूंच्या काही तक्रारी आल्या, आणि त्याबरोबर माझ्या लेकीला झालं तसल्या सैल पडण्याच्या संशयाच्याही. आधी ती बॅच थांबवली, २००९ मध्ये पेंटाच थांबवली, देशातल्या आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी तपास केला, २०१० मध्ये पुन्हा सुरू. भूतानने २००९ मध्ये थांबवली, २०११ मध्ये परत. व्हिएतनामने २०१३ च्या मे मध्ये थांबवली आणि त्याच वर्षी परत. हे वाचून मला बरं वाटलं, थांबवायची हिंमत ठेवली, तपासलं, मग सुरू केली. जपानने मात्र १९७५ मध्ये दोन बाळांच्या मृत्यूनंतर डांग्या खोकल्याची लस थांबवली, नंतर सुरू केली तरी लोक घेईनात, आणि १९७९ मध्ये १३ हजार केसेस, ४१ मृत्यू. पुढे तिकडेच कमी त्रासाची असेल्युलर (अख्ख्या जंतूऐवजी त्याचे मोजके भाग असलेली) लस आधी आली, खासगी दवाखान्यात आपल्याला "पेनलेस" म्हणून महाग देतात ना, ती त्याच जातीची. म्हणजे आयांच्या तक्रारींतूनच नवी लसही निघाली, असं मला तरी वाटतं.

आता एक स्टार का कापला ते.

निकाल आम्हाला कुणी कळवला नाही. मी तीन चकरा मारल्या, पहिल्यांदा "अजून वरून आलं नाही", दुसऱ्यांदा संबंधित माणूस रजेवर, तिसऱ्यांदा एका क्लार्कभाऊंनी फाईल काढून वाचून दाखवलं. प्रत मागितली तर अर्ज करा म्हणाले. अहो माझ्याच बाळाचा निकाल आहे, तो एका पानावर मराठीत लिहून घरी का येत नाही? फॉर्म सगळे इंग्रजीत, मी ग्रॅज्युएट आहे तरी मला अर्ध्या शब्दांसाठी मोबाईल काढावा लागला, शेजारच्या खोलीतल्या बाईने काय करायचं? तिला "ए-वन" म्हणजे काय कोण सांगणार?

दुसरं, तो डी नावाचा खण, आणि त्याच्या शेजारचा बी. हे मला खरंच खुपतं. बाळ गेलं, पोस्टमॉर्टेम झालं नाही, कागद हरवले, मग माहिती अपुरी म्हणून फाईल बंद. घरचे पोस्टमॉर्टेमला नाही म्हणतात, ते मी समजू शकते, एवढ्याशा जिवाला चिरायचं कुणाला सहन होईल. पण त्यांना कुणी शेजारी बसून सांगत नाही की उत्तर मिळायचा तोच एक रस्ता आहे. बी बद्दलही टीका आहे आणि मला ती पटते, की जी रिॲक्शन आधीपासून माहीत असलेल्यांच्या यादीत नाही ती एकट्या केसवरून ए मध्ये जाणं जवळजवळ अशक्य, मग नवीन काही असेल तर? त्यावर मॅडमचं उत्तर असं की बी मधल्या केसेस एकत्र ठेवून बघतात, तसल्या वाढल्या तर तो इशारा धरतात आणि मग मोठा अभ्यास करतात. उत्तर बरोबर आहे, पण मग ती बी ची यादी लोकांना सहज दिसू दे, मराठीतही. विश्वास मागायचा असेल तर एवढं करावं लागेल.

तिसरं, खासगी हॉस्पिटलांनी कळवलं नाही तर कुणी विचारत नाही. आणि सरकारी सिस्टर कळवायला घाबरतात ते वेगळंच, काही झालं की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर, गावात लोक त्यांच्याच अंगावर धावून जातात. आमच्या सिस्टरने मला शेवटी सांगितलं की तुमच्या केसच्या वेळी माझं जेवण जात नव्हतं दोन दिवस. तरी त्यांनी कळवलं. त्यांच्या नोकरीला धक्का न लागता ही नोंद व्हायला हवी, कारण त्यांनी फोन केला नसता तर माझ्या लेकीचं उत्तर "गॅस" एवढंच राहिलं असतं.

तुमच्या बाळाला लसीनंतर काही झालं तर माझ्या अनुभवावरून एवढं सांगेन. आधी बाळाला दवाखान्यात न्या, एकाने शक्य असेल तर व्हिडिओ घ्या, वेळ लिहून ठेवा. कार्डावर बॅच नंबर नसेल तर केंद्रातून विचारून घ्या. मग आशाताई, सिस्टर किंवा वैद्यकीय अधिकारी, ज्या भेटतील त्यांना सांगा, "एईएफआयचा फॉर्म भरा" असे शब्द वापरले की लगेच दखल घेतात. खासगीत लस घेतली असेल तरी सरकारी केंद्रात सांगता येतं. आणि औषधांच्या दुष्परिणामांसाठी भारत सरकारची एक टोल फ्री लाईन आहे, १८००-१८०-३०२४, तिथेही लसीबद्दल कळवता येतं.

पुढच्या डोसचं काय केलं हे सगळे विचारतात. घरात मोठं भांडण झालं, सासूबाई म्हणाल्या आता एकही सुई नको. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही, त्यांनीही तिला तसं पडलेलं बघितलं होतं. पण २०२२ च्या शेवटी गोवंडी, मालेगाव, भिवंडीला गोवराची साथ आली आणि मुलं गेली तेव्हा माझी बहीण मुंबईत होती, वस्तीतल्या आयांचे चेहरे तिने बघितलेत, ती फोनवर सासूबाईंशी तासभर बोलली. अडीच महिन्याचा डोस आम्ही दोन आठवडे उशिरा, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात, रात्रभर ठेवून घेतला. सिस्टर ड्युटी संपल्यावर बघायला आल्या, साडेचार वाजता आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो आणि लेक पाय झाडत होती. साडेतीन महिन्याचा डोसही तसाच वॉर्डात, त्याला फक्त ताप आला.

आता नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची सुई राहिलीय, ती बुधवारी नेहमीच्या केंद्रातच घेणार. निकाल कळल्यावर मी सिस्टरला कार्डाच्या मागच्या पानावर लिहायला लावलंय, पहिल्या पेंटानंतर सैल पडली होती, तपास झाला, लसीमुळे, पुढचे दोन डोस व्यवस्थित, आणि खाली त्यांची सही तारखेसकट.